धार दिसते का?

जुन्या पेढ्यांवर मुनीम असत. दिवसभराची विक्री चांगली झाली म्हणून मालक खुशीत असला, तरी संध्याकाळी वही मिटताना मुनीम हळूच एक वाक्य बोलत: “अमक्याची उधारी तीन महिन्यांपासून हललेली नाही.” ते वाक्य कोणालाच गोड लागत नसे. काही मालक हसून विषय बदलत, काही रागावत. क्वचित एखादा मालक पुन्हा बैठक मांडून तेच खाते उघडायला लावी. मोंढ्यातील कोणत्या पेढ्या तीन पिढ्या टिकल्या आणि कोणत्या एका मंदीत बुडाल्या, याचा शोध घेतला तर बहुतेक वेळा उत्तर त्या संध्याकाळच्या वाक्यापाशी सापडते.

नावेला मागच्या बाजूस लावायच्या मोटारीत, म्हणजे आउटबोर्ड मोटारीत, असाच एक मुनीम बसवलेला असतो. सिलिंडरच्या माथ्यावर बोटाच्या पेराएवढा एक संवेदक आणि त्याला तारेने जोडलेला एक लहान भोंगा, एवढाच त्याचा संसार. मोटार ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापली की भोंगा वाजू लागतो आणि थांबत नाही. अनेक मोटारींत त्याच वेळी वेगही आपोआप कमी होतो. हा आवाज कानाला इतका टोचतो की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला विचार तो बंद करण्याचा येतो. नावेचा, मोटारीचा आणि कधी कधी नावेतील माणसांचाही निकाल त्या पहिल्या विचारावर लागतो.

परभणी जिल्ह्याच्या वाचकाला वाटेल की हा कोकणातला किंवा मुंबईतला विषय आहे. या जिल्ह्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. परंतु पाणी दूर नाही. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण १९६८ पासून उभे आहे. सेलूजवळ निम्न दुधनेचा जलाशय आहे. गोदावरी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड आणि पालम या तालुक्यांच्या काठाने वाहत येते आणि पूर्णा तालुक्यात कंठेश्वराजवळ तिला पूर्णा मिळते. ढालेगाव, मुद्गल, दिग्रस अशा उच्च पातळी बंधाऱ्यांनी या नदीत लांबच लांब साठे निर्माण केले आहेत. पैठणच्या नाथसागराचे सत्तावीस दरवाजे उघडले की काही दिवसांत ते पाणी गंगाखेडच्या घाटाला लागते. आणि गोदावरी तुडुंब भरली की तिच्या उपनद्यांना आपले पाणी ओतायला जागा उरत नाही, ते मागे फिरून शेताशिवारांत पसरते. ऑगस्ट २००६ चा पूर वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. सप्टेंबर २०२४ आणि सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी तर मुलांनीही पाहिली. अशा दिवसांत गावाचा रस्ता तुटतो, वीज जाते आणि माणसे शाळेच्या गच्चीवर जाऊन बसतात. तेव्हा दुकान, पैसा, ओळख यांतले काहीच उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ती मोटार लावलेली एक बोट आणि ती चालवू शकणारा माणूस.

अशाच एका पुरानंतर गोदाकाठच्या एका गावातील मोंढ्यातल्या काही व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून गावच्या बचाव पथकासाठी बोट घेतली. चाळीस अश्वशक्तीची मोटार, बारा जीवरक्षक जाकिटे, दोन वल्ही, दोरखंड. बोटीच्या दोन्ही बाजूंना देणगीदारांच्या वडिलांची आणि आजोबांची नावे रंगवली गेली. समारंभ झाला, नारळ फुटला, छायाचित्रे निघाली. पुढचे आठ महिने ती बोट एका गोदामात ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाच्या आधी, सरावासाठी ती डोहात उतरवली. मोटार तिसऱ्या झटक्याला सुरू झाली. देणगीदारांपैकी एका घरातला तरुण हँडलवर बसला होता. समोर बसले होते भोई समाजातील एक वयस्क मासेमार. सारे गाव त्यांना मामा म्हणते आणि नदीवर त्यांचाच शब्द चालतो. पाच मिनिटेही झाली नसतील, तोच भोंगा वाजू लागला.

“मामा, सेन्सर बिघडला असेल. नवीन मोटार आहे, तापेल कशी? वायर काढून टाकू का?”

“रेस कमी करा आधी, शेठ,” मामा म्हणाले. “वायर काढल्यावर आवाज जाईल. आतली आग कुठं जाईल?”

तरुणाने रेस कमी केली, गिअर न्यूट्रलला आणला. मामांनी मागे झुकून मोटारीच्या बाजूला पाहिले आणि एकच प्रश्न विचारला: “धार दिसती का?”

या प्रश्नाचे महत्त्व समजायला मोटारीच्या पोटात काय चालते ते थोडे पाहावे लागते. मोटारगाडीच्या इंजिनाला थंड ठेवायला रेडिएटर असतो. त्यातले पाणी तेच तेच फिरत राहते आणि वाऱ्याने निवते. आउटबोर्ड मोटारीला रेडिएटर नसतो. ती ज्या पाण्यावर तरंगते, तेच पाणी पिते आणि तेच बाहेर टाकते. खाली, पंख्याच्या वरच्या बाजूला, जाळीदार खाचा असतात. त्यांतून पाणी आत येते. तिथे एका वाटीत रबरी पाकळ्यांचे एक चक्र फिरत असते. त्याला इम्पेलर म्हणतात. ते वाटीच्या मध्यभागी बसवलेले नसते, थोडे एका बाजूला असते. त्यामुळे फिरताना पाकळ्या एकीकडे दबतात आणि दुसरीकडे पसरतात, आणि या दबण्या-पसरण्यातून पाणी वर ढकलले जाते. ते एका नळीने इंजिनापर्यंत चढते, सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून फिरते, उष्णता घेते आणि बहुतेक सारे पंख्याच्या वाटेने धुरासह बाहेर पडते. त्यातला एक छोटा वाटा मात्र वर, एका बारीक छिद्रातून धारेच्या रूपाने बाहेर सोडलेला असतो. ही धार इंजिनाला थंड करण्यासाठी नसते. पाणी वरपर्यंत पोहोचते आहे, एवढी साक्ष देण्यासाठीच तिची योजना असते.

ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरातील वायूचे तापमान दोन हजार अंशांच्या घरात जाते. ज्या ॲल्युमिनियमचे इंजिन असते ते ६६० अंशांना वितळते. इंजिन वितळत नाही, याचे श्रेय त्याच्याभोवती अखंड फिरणाऱ्या पाण्याला आहे. पाणी थांबले की काही मिनिटांत पिस्टन फुगून सिलिंडरच्या भिंतीला घासू लागतो, गॅस्केट जळते आणि शेवटी इंजिन जाम होते. भोंगा याच्या अगोदर वाजतो. मिळते ती मुदत थोडी असते, पण ती पुरेशी असते.

डोहातल्या त्या बोटीवर धार दिसत नव्हती. मामांनी मोटार बंद करायला लावली, ती वर उचलली आणि खालच्या जाळीकडे बोट दाखवले. जाळीच्या खाचांवर एक पातळ प्लास्टिकची पिशवी ओल्या कातडीसारखी चिकटली होती आणि तिच्या कडेने शेवाळ अडकले होते. पिशवीवर अर्धवट पुसलेले एक नाव होते. ते मोंढ्यातल्याच एका दुकानाचे होते. राज्यात अशा पातळ पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे. तरुणाने पिशवी काढली, घडी करून खिशात घातली आणि त्यावर कोणी काही बोलले नाही.

पिशवी काढून मोटार पुन्हा सुरू केली, तेव्हा धार आली, पण कोळ्याच्या धाग्याएवढी. थोड्या वेळाने भोंगा पुन्हा वाजला. गोष्ट इथे संपली असती तर हा सारा प्रसंग सोपा ठरला असता. बिघाड एकच असतो, ही समजूत मात्र खात्यांत जशी धोक्याची तशीच यंत्रांतही. एक चूक सापडली की बेरीज जुळलीच असे मानणारा कारकून दुसरी चूक कधीच शोधत नाही.

अशा वेळी शोधाचा क्रम महत्त्वाचा असतो, आणि तो बाहेरून आत, स्वस्ताकडून महागाकडे, सोप्याकडून अवघडाकडे जावा. जाळी झाल्यावर पाहायचे ते धारेचे छिद्र. गोदामात पडून राहिलेल्या मोटारीत हे छिद्र कुंभारीण माशीला फार आवडते. ती तोंडातून चिखलाची गोळी आणून त्यात आपल्या पिलांसाठी घर बांधते. इंजिनात पाणी व्यवस्थित फिरत असते, केवळ साक्ष देणारे तोंड बंद असते, आणि माणूस उगीच इंजिन उघडत बसतो. अशा वेळी बारीक, मऊ तार हलकेच आत घालून मार्ग मोकळा करतात. त्याहून चांगला उपाय असा, की पावसाळा संपताच मोटार ठेवताना त्या छिद्रावर आणि जाळीवर कापड बांधून ठेवावे. मग माशीला घर बांधायची संधी मिळत नाही आणि कोणाचे घर मोडायची पाळीही येत नाही.

छिद्र मोकळे असूनही धार क्षीण असेल, तर संशय इम्पेलरवर जातो. रबराच्या या पाकळ्या पाण्यानेच वंगण घेतात. कोरड्या फिरल्या तर काही सेकंदांत त्यांच्या कडा जळतात. “मोटार चालू होते का, एवढे जरा पाहू” म्हणून गोदामात, पाण्याबाहेर, एकदा सुरू करून पाहणारे हात शेकडो मोटारींच्या नाशाला कारण झालेले आहेत. दुसरा शत्रू म्हणजे पडून राहणे. महिनोन्महिने एकाच स्थितीत दबून राहिलेली पाकळी तशीच वाकडी होऊन बसते आणि तिचा ताण जातो. तिसरा शत्रू मराठवाड्याचा खास आपला आहे: पुराच्या पाण्यातली काळी माती. ती पाण्याबरोबर आत जाते, वाटीला आणि पाकळ्यांना खरवडते आणि मोटार थांबल्यावर आतल्या वाटांत बसून वाळते.

इम्पेलर पाहायचा तर मोटारीचा खालचा भाग सोडवावा लागतो. काही बोल्ट, गिअरची दांडी आणि मग सारा भाग खाली सरकतो. काम जाणत्याला तासाभराचे असते. पण त्यात एक गोष्ट अशी आहे, जी प्रत्येक व्यापाऱ्याला न सांगता पटावी. जुन्या इम्पेलरच्या पाकळ्या मोजाव्या लागतात. पाच असायला हव्या होत्या आणि चारच निघाल्या, तर पाचवी कुठे तरी आत आहे. ती पाण्याबरोबर वर चढून नळीत किंवा थर्मोस्टॅटच्या तोंडाशी अडकलेली असते. नवा इम्पेलर बसवून, आनंदाने झाकण लावून मोटार सुरू केली, तर तोच भोंगा पुन्हा वाजतो आणि मग लोक नव्या भागाला नावे ठेवतात. जमा आणि खर्च जुळेपर्यंत वही मिटू नये, हा नियम येथेही तोच आहे. तुटलेला तुकडा हातात येईपर्यंत काम पूर्ण झाले असे मानू नये. इम्पेलर चांगला दिसला, तरी त्याला दांड्याशी धरून ठेवणारी एक छोटी चावी तपासावी. ती तुटली तर दांडा फिरतो, इम्पेलर मात्र स्वस्थ बसून राहतो.

कधी कधी धार जोरात असते आणि तरीही भोंगा वाजतो. नवख्यांचा गोंधळ इथे सर्वांत जास्त होतो. अनेक मोटारींत धारेचे पाणी थर्मोस्टॅटच्या अलीकडूनच वेगळे झालेले असते. म्हणजे धार पंपाची साक्ष देते, इंजिनाच्या माथ्याची देत नाही. थर्मोस्टॅट हा एक छोटा दरवाजा आहे. इंजिन थंड असताना तो बंद राहतो आणि बहुधा ५० ते ६० अंशांच्या आसपास उघडतो. गाळ किंवा क्षार साचून तो बंदच अडकला, तर पाणी दारापर्यंत येऊन परत फिरते. त्याची परीक्षा कोणत्याही स्वयंपाकघरात घेता येते. थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडावा, पाणी हळूहळू तापवावे आणि जवळ तापमापक ठेवावा. पाणी ठरलेल्या अंशांवर येताच तो उघडताना डोळ्यांना दिसला पाहिजे. उघडला नाही तर बदलावा. त्याच्या शेजारी बहुधा दाबाची एक झडप असते. जास्त वेगात वाढलेले पाणी तिच्यातून जाते. मोटार संथ चालताना ठीक आणि वेगात तापत असेल तर जाळी, थर्मोस्टॅट आणि ही झडप पाहावी. संथ चालतानाच तापत असेल आणि वेग वाढवल्यावर निवळत असेल, तर इम्पेलरची कड झिजली असण्याची शक्यता जास्त.

हे सारे निर्दोष निघाले, मोटारीच्या माथ्याला उष्णतामापक लावून पाहिले आणि तापमान खरोखरच योग्य निघाले, तरच संवेदकाकडे आणि त्याच्या तारेकडे वळावे. तार कुठे घासून धातूला टेकली असेल तर भोंगा विनाकारण वाजू शकतो. काही मोटारींत तोच भोंगा वंगणतेल कमी झाल्याचीही सूचना देतो. म्हणून मोटारीसोबत आलेली पुस्तिका वाचून कोणता आवाज कशाचा, हे सुरुवातीलाच समजून घ्यावे. मुनीम खोटे बोलतो आहे, हा निष्कर्ष सर्व खाती तपासून झाल्यावर काढायचा असतो. डोहातल्या त्या तरुणाने तो पहिल्याच क्षणी काढला होता. हा दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. नव्या वस्तूवर आणि स्वतःच्या पैशांवर माणसाचा जास्त विश्वास असतो.

त्या मोटारीत दोष इम्पेलरचा निघाला. आठ महिने दबून राहिल्याने तीन पाकळ्या वाकड्या झाल्या होत्या आणि एकीची कड फाटली होती. बहुधा गोदामात कोणीतरी ती कोरडी सुरू करून पाहिली असावी. बदलायला नवा इम्पेलर गावात नव्हता, परभणीत नव्हता. तो बाहेरून मागवावा लागला आणि त्यात अकरा दिवस गेले. ते दिवस जूनचे होते म्हणून निभावले. सप्टेंबरचे असते तर काय झाले असते, हा विचार त्या आठवड्यात मोंढ्यातल्या बऱ्याच घरांत जेवणाच्या वेळी झाला.

आउटबोर्ड मोटारीच्या इतिहासात एक जोडपे आहे. व्यापारी घरांनी त्याची ओळख करून घ्यावी असे ते आहे. नॉर्वेत जन्मलेला आणि लहानपणी अमेरिकेत आलेला ओले इव्हिनरूड हा मिलवॉकी शहरात यंत्रे बनवत असे. १९०९ मध्ये त्याने दीड अश्वशक्तीची, नावेला लावता येणारी मोटार विक्रीस आणली. त्याच्या आधीही अशा मोटारी झाल्या होत्या, पण धंदा म्हणून जम बसला तो त्याच्या मोटारीचा. हे यश एकट्या कारागिराचे नव्हते. पत्रव्यवहार, हिशेब आणि जाहिरात हे सारे त्याची पत्नी बेस पाहत असे. तिची प्रकृती ढासळू लागली, तेव्हा १९१४ मध्ये इव्हिनरूडने चालता, भरभराटीचा कारखाना आपल्या भागीदाराला विकला आणि पाच वर्षे या धंद्यात न उतरण्याचे कबूल केले. ती मुदत संपल्यावर तो अधिक हलक्या, ॲल्युमिनियमच्या मोटारीचा आराखडा घेऊन परतला आणि दोघांनी नव्याने सुरुवात केली. धंदा ऐन भरात असताना घरातल्या माणसाच्या थकव्याची सूचना ऐकून थांबणे, हा निर्णय कोणत्याही पेढीवर सोपा नसतो. मोटारीच्या भोंग्याशी त्याचा थेट संबंध नाही. पण दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच असतो. वेग कमी करण्याची तयारी आहे का?

पुरात हा प्रश्न फार कठोर होतो. डोहात भोंगा वाजला तर मोटार बंद करून, निवांत बसून जाळी साफ करता येते. बोटीत आठ माणसे आहेत, त्यांत एक बाळंतीण आणि दोन वृद्ध आहेत, प्रवाह पुलाच्या कमानीकडे ओढतो आहे आणि अशा वेळी भोंगा वाजला तर काय करावे? जाणते नावाडी याचे उत्तर नेमके देतात. मोटार झटकन बंद करू नये. बंद मोटारीची बोट प्रवाहाच्या हाती जाते. रेस उतरवून संथ गतीवर आणावी, कारण कमी वेगात उष्णता कमी निर्माण होते. बोटीचे तोंड प्रवाहाला तिरके ठेवून जवळचा काठ, गच्ची, झाड, जे स्थिर असेल ते गाठावे. एकाने वल्ही हातात घ्यावीत, दुसऱ्याने दोर. बोट बांधली गेल्यावरच मोटार बंद करावी आणि वर उचलावी. तापलेल्या माथ्यावर थंड पाणी ओतू नये; तडा जाऊ शकतो. ती आपली आपण निवू द्यावी, तोवर जाळीतले तण काढावे. आणि काठ गाठेपर्यंत मोटार जळणारच असेल, तर ती जळू द्यावी. मोटार विकत मिळते.

हा शेवटचा नियम आणि भोंग्याकडे दुर्लक्ष करणे, या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एकाने सूचना ऐकली, धोका तोलला आणि माणसांसाठी यंत्राचा बळी दिला. दुसऱ्याने ऐकलेच नाही, आणि मग ऐन प्रवाहात यंत्रही गेले आणि माणसांचा आधारही गेला. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली आणि त्यात महिला व मुलांसह अनेकांचे प्राण गेले. बोटीत क्षमतेहून जास्त माणसे होती, असे तेव्हाच्या बातम्यांत होते. त्या दिवसानंतर महाराष्ट्रात पुराच्या बोटीकडे केवळ सद्भावनेने पाहता येत नाही. बोट देणे पुरेसे नाही, हे त्या घटनेने दाखवले.

व्यापारी समाजात दान हे नित्याचे कर्तव्य मानले जाते आणि ते उदारपणे होते. पाणपोई, गोशाळा, दवाखाना, शाळेची खोली, रुग्णवाहिका, पाटीवर नावे असतात आणि ती असावीतही. पुढच्या पिढीला त्यातून आपल्या घराची रीत कळते. परंतु पाणपोईला रोज कोणीतरी रांजण धुवावा लागतो, आणि रांजण धुणाऱ्याचे नाव पाटीवर नसते. बोटीचेही तसेच आहे. दर पावसाळ्याआधी इम्पेलर तपासणे वा बदलणे, जाळी आणि थर्मोस्टॅट साफ करणे, दर महिन्याला पिंपभर स्वच्छ पाण्यात मोटार दहा मिनिटे चालवणे, पुराच्या गढूळ पाण्यातून आल्यावर त्याच दिवशी स्वच्छ पाण्याने ती आतून धुऊन काढणे, आणि एक जादा इम्पेलर, गॅस्केट, चावी व स्पार्क प्लग बोटीतल्याच डब्यात ठेवणे, या साऱ्याचा वर्षाचा खर्च बोटीच्या किमतीपुढे चिल्लर आहे. त्यासाठी समारंभ होत नाही आणि छायाचित्र निघत नाही. म्हणूनच तो खर्च राहून जातो.

त्या गावातील देणगीदार जुलैमध्ये पुन्हा एकत्र बसले. एका ज्येष्ठ काकांचा आग्रह होता की शेजारच्या गावालाही एक बोट द्यावी. वर्गणी जमेल, लोक तयार आहेत. हँडलवर बसलेला तो तरुण मोठ्यांसमोर सहसा बोलत नाही. त्या दिवशी तो म्हणाला, “काका, दुसरी बोट जरूर देऊ. पण पहिल्या बोटीच्या नावाने आधी खाते उघडू. दरवर्षी सुटे भाग, मामांचं आणि पथकातल्या पोरांचं मानधन, सरावाचं पेट्रोल. नाहीतर आपण गावाला बोट नाही, भरवसा दिला असं होईल, आणि ऐन वेळी तो भरवसाच बुडेल.”

काकांना ते प्रथम रुचले नाही. खाते म्हणजे दरवर्षीचे बंधन, आणि पाटी मात्र एकच. चर्चा लांबली. दोघांनी नवी बोटच हवी म्हणून सांगितले, एकाने आपला वाटा परत मागितला. अखेर असे ठरले की दुसरी बोट वर्षभर पुढे ढकलावी, जमलेल्या रकमेची मुदत ठेव करावी आणि तिच्या व्याजातून पहिल्या बोटीची देखभाल व्हावी. पथकातील सहा मुलांना मामांनी आणि एका मेकॅनिकने मिळून इम्पेलर बदलायला शिकवावे, आणि तो हातांनी बदलून दाखवल्याखेरीज कोणालाही हँडल देऊ नये. ठरावाच्या खाली काकांनी स्वतःच्या हाताने एक ओळ जोडली: मोंढ्यातील एकाही दुकानातून पातळ पिशवी दिली जाणार नाही.

ठराव झाला तरी तो पाळला जाईलच असे नाही. मुदत ठेवी मोडल्या जातात, पिशव्या पुन्हा येतात, मुले नोकरीसाठी पुण्याला जातात. म्हणून त्या खात्यालाही वर्षातून एकदा कोणीतरी उघडून पाहावे लागेल, आणि मृग लागण्याआधी मोटार पाण्यात उतरवून कोणीतरी मागे झुकून पाहावे लागेल. पाण्याची ती बारीक धार नीट दिसत असेल, तर बोट निघायला हरकत नाही.